जिन्याखालच्या बाटलीतला अमोनिया

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या साफसफाईचे दिवस आले की खिडक्यांच्या काचा, स्वयंपाकघरातल्या टाइल्स, तेलकट धुराने चिकटलेले एक्झॉस्ट फॅन आणि देवघरातली पितळेची उपकरणी यांसाठी अमोनियाचे द्रावण आणण्याची पद्धत आपल्याकडच्या बऱ्याच गृहनिर्माण संस्थांत, कार्यालयांत आणि मंगल कार्यालयांत आहे. द्रावण उपयोगी आहे, स्वस्त आहे आणि जाणत्या हातात त्याचा फारसा त्रास नाही, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण अमोनियावर बंदी घाला अशी मागणी करण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. माझा आक्षेप आहे तो हे द्रावण ज्या रीतीने विकले जाते, साठवले जाते आणि सफाई कामगारांच्या हाती सोपवले जाते त्या रीतीवर. पाण्याच्या जुन्या बाटलीत ते सुटे मिळते, बाटलीवर नाव नसते आणि आत किती टक्क्यांचा माल आहे याचा तर कोठेच उल्लेख नसतो.

कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर नागपुरातील आमच्या संस्थेच्या व्यवस्थापन समितीवर काम करण्याची वेळ आली आणि जिन्याखालचे सफाईच्या सामानाचे कपाट पाहण्यात आले. त्यात एकाच फळीवर, एकमेकींना खेटून, दोन बाटल्या उभ्या होत्या. एकीत संडास धुण्याचे पिवळसर ॲसिड होते, दुसरीत पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे अमोनियाचे द्रावण, आणि दोन्ही बाटल्यांच्या झाकणांभोवती पिठासारखा पांढरा थर जमला होता. साबणाची पावडर उडाली असावी असे सर्वांनी धरले होते. प्रत्यक्षात तो अमोनियम क्लोराइडचा, म्हणजे आपल्या नवसागराचा, थर होता. दोन्ही झाकणांतून वायू झिरपत होते, हवेत एकमेकांना भेटत होते आणि बाटल्यांच्या गळ्यावर बसत होते. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकतो तेव्हा उठणारा पांढरा धूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा पदार्थ परका नाही. नवसागर स्वतः फार घातक नाही, परंतु झाकणावर तो दिसणे याचा अर्थ त्या बंद कपाटात दोन्ही बाटल्या सतत गळत होत्या, आणि सकाळी ते कपाट उघडणाऱ्या मावशी रोज पहिला श्वास त्या हवेतच घेत होत्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बर्फाच्या कारखान्यात किंवा शीतगृहात गळती झाल्याच्या बातम्या आपण वाचतो तो निर्जल अमोनिया असतो. तो दाबाखाली द्रवरूपात ठेवलेला असतो, उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो आणि बाहेर पडताच त्याचा ढग होतो. साफसफाईसाठी मिळते ते त्याच वायूचे पाण्यातले द्रावण. घरगुती वापरासाठी तयार केलेल्या द्रावणात साधारणतः ५ ते १० टक्के अमोनिया असतो. व्यापारात ‘लिकर अमोनिया’ या नावाने मिळणारा माल मात्र २५ टक्क्यांच्या आसपासचा असतो, आणि सुट्या विक्रीत बहुधा हाच माल ड्रममधून बाटलीत उतरतो. इमारतींचे नकाशे अमोनिया प्रिंटवर काढले जात तेव्हा त्या दुकानांच्या दारातच नाक चुरचुरत असे, ते याच मालामुळे. दिसायला दोन्ही सारखेच, पाण्यासारखे. बादलीभर पाण्यात एक वाटी घालायची सवय ५ टक्क्यांच्या द्रावणावर लागलेली असेल आणि पुढच्या वेळी त्याच बाटलीत २५ टक्क्यांचा माल भरून आला, तर त्याच वाटीतून पाचपट अमोनिया बादलीत जातो, आणि हे घालणाऱ्याला कळण्याचे कोणतेही साधन त्या बाटलीवर नसते.

टक्केवारीइतकाच महत्त्वाचा प्रश्न तापमानाचा आहे, आणि विदर्भात राहणाऱ्याला तो अधिक जाणवतो. अमोनिया पाण्यात विपुल विरघळतो, पण पाणी जसजसे तापते तसतशी त्याला धरून ठेवण्याची पाण्याची शक्ती कमी होते, आणि २५ टक्क्यांचे द्रावण सुमारे ३८ अंश सेल्सिअसलाच उकळू लागते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांच्या घरात जाते. दिवाळीत आणून अर्धी वापरलेली बाटली गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पडून राहिली तर उन्हाळ्यात आतला वायू बाहेर पडण्यासाठी झाकणावर जोर लावीत असतो. बाटलीचे पोट फुगते. अशा वेळी कोणी ती मांडीत धरून, तोंड खाली वाकवून, एका हिसक्यात झाकण फिरवले तर वायू आणि द्रावणाचे शिंतोडे थेट चेहऱ्यावर येतात. फुगलेली बाटली तापलेली असताना उघडूच नये. ती उभीच ठेवून थंड पाण्याच्या बादलीत तासभर गार होऊ द्यावी, उघड्यावर न्यावी, चेहरा बाजूला आणि वाऱ्याची दिशा आपल्याकडून बाटलीकडे अशी राखून झाकण अर्धा आटा सैल करावे, फुस्सकन येणारा वायू निघून जाऊ द्यावा आणि मगच ते पूर्ण काढावे. प्रयोगशाळेत उन्हाळ्यात अमोनियाची नवी बाटली आम्ही अशीच उघडत असू, आणि ती बाटली जाड काचेची, लेबल लावलेली असे. पाण्याच्या आणि शीतपेयाच्या बाटल्यांचे पातळ प्लॅस्टिक अमोनियासारखी तीव्र अल्कली, म्हणजे ॲसिडच्या विरुद्ध गुणाचे रसायन, महिनोन् महिने साठवण्यासाठी बनवलेले नसते.

याच कारणाने अमोनिया गरम पाण्यात घालू नये. गरम पाण्याने चिकटा लवकर निघतो हा अनुभव खरा असला, तरी गिझरच्या पाण्याने भरलेल्या बादलीत अमोनिया ओतणे म्हणजे स्वच्छतेसाठी आणलेला वायू एका झटक्यात न्हाणीघराच्या हवेत सोडणे होय. पाणी थंड असावे, आधी पाणी आणि मग त्यात सावकाश अमोनिया असा क्रम असावा, आणि हे मिश्रण बंद न्हाणीघरात न करता अंगणात किंवा गच्चीवर करावे. काचांसाठी एक टक्क्याच्या आसपासचे द्रावण पुरेसे होते. २५ टक्क्यांच्या मालापासून ते करायचे तर एका लिटर पाण्याला ४० मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या मापाने मोजता येईल इतकेच, लागते. बाटली तिरपी करून अंदाजाने ओतली की याच्या चौपट-पाचपट सहज जाते. अमोनिया काचेवर डाग ठेवीत नाही, कारण काम झाल्यावर तो पाण्याबरोबर उडून जातो आणि मागे क्षार उरत नाही. त्याची ही खुबी सौम्य द्रावणातही तितकीच असते. जास्त घातल्याने काच अधिक चमकत नाही.

आता सर्वांत गंभीर भाग. अमोनिया आणि क्लोरिनयुक्त पांढरे ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, एकत्र आले की क्लोरामाइन नावाचे वायू तयार होतात. डोळ्यांतून धारा लागतात, घसा आवळतो, खोकला आवरत नाही, आणि बंद जागेत फुप्फुसांना इजा होते. पावसाळ्यात विहिरीत आणि गटारांच्या कडेने टाकली जाणारी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरही याच कुळातली, त्यामुळे तिच्याबाबतही हेच लागू आहे. गंमत अशी की पोहण्याच्या तलावावर ज्याला आपण ‘क्लोरिनचा वास’ म्हणतो तो बऱ्याच अंशी या क्लोरामाइनांचाच असतो, कारण पोहणाऱ्यांच्या घामातले आणि लघवीतले नायट्रोजनयुक्त पदार्थ क्लोरिनशी संयोग पावतात. सार्वजनिक मुतारीत भरपूर ब्लीच ओतल्यावर जो झोंबणारा वास येतो त्याचेही कारण तेच. तेथे प्रमाण थोडे असते. बादलीत दोन्ही बाटल्या ओतल्या की ते थोडे राहत नाही.

दोन्ही बाटल्या कोणी मुद्दाम मिसळत नाही, असे मला समितीच्या बैठकीत ऐकवण्यात आले. ते खरेच आहे, परंतु मिसळणे नकळत होते. सकाळी एकीने संडासात ब्लीच टाकून ठेवलेले असते, दुपारी दुसरी तेथेच अमोनियाच्या बादलीतले उरलेले पाणी रिकामे करते. ब्लीचने पुसलेले फडके न धुता काचेला लावले जाते. एका रसायनाच्या रिकाम्या बाटलीत, तळाला घोटभर शिल्लक असताना, दुसरे भरून आणले जाते. काही काच-पुसण्याच्या द्रावणांतही थोडा अमोनिया असतो, हे तर अनेकांच्या गावी नसते. म्हणून अमोनिया ज्या दिवशी वापरायचा त्या दिवशी ब्लीच वापरायचे नाही, हा नियम मला ‘मिसळू नका’ या सूचनेपेक्षा अधिक उपयोगी वाटतो, कारण तो पाळला गेला की नाही हे पाहता येते. ॲसिडचीही गोष्ट वेगळी नाही. ब्लीचमध्ये संडासाचे ॲसिड पडले की खुद्द क्लोरिन सुटतो, जो पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधील ईप्र येथे सैनिकांवर सोडला गेला होता. क्लोरिन हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणजे उकिडवे बसून भांडे घासणाऱ्या व्यक्तीच्या नाकाशी. उलट अमोनिया हवेहून हलका, वर चढणारा, आणि म्हणून स्टुलावर चढून न्हाणीघराच्या वरच्या झडपेच्या काचा पुसणाऱ्याला खाली उभे राहून सूचना देणाऱ्यापेक्षा तो अधिक लागतो.

वासावरून कळेलच, हा आणखी एक गैरसमज. अमोनियाचा वास फार कमी प्रमाणात ओळखू येतो हे त्याचे मोठेच उपकार आहेत, पण काही वेळाने नाक त्या वासाला सरावते आणि हवेतले प्रमाण तेवढेच असूनही वास कमी झाल्यासारखा वाटतो. दिवसभर त्याच कामात असलेल्या मावशी ‘आता काही वास येत नाही’ असे म्हणतात तेव्हा त्या खोटे बोलत नसतात. त्यांचे नाक थकलेले असते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांच्या पाळीसाठी हवेतल्या अमोनियाची मर्यादा दहा लाखांत २५ भाग आणि अल्पकाळासाठी ३५ भाग अशी ठरवून दिलेली होती. गृहनिर्माण संस्थेचा जिना म्हणजे कारखाना नव्हे, त्यामुळे तेथे कोणी मोजायला येत नाही. पण फुप्फुसे तीच आहेत.

मुखपट्टीविषयीही लिहिले पाहिजे. करोनाच्या काळापासून कापडी आणि एन-९५ मुखपट्ट्या घरोघरी आहेत आणि त्या लावल्या की वायूपासूनही संरक्षण मिळते असे समजून कामगारांना त्या दिल्या जातात. त्या कण अडवतात, वायू अडवत नाहीत. अमोनियासाठीच्या श्वसनयंत्राची डबी वेगळी असते, तिच्यावर हिरवा पट्टा असतो आणि ती ठरावीक काळाने बदलावी लागते. घरगुती सफाईला तिची गरज पडू नये. ती पडत असेल तर द्रावण जास्त तीव्र आहे किंवा खिडकी बंद आहे असे समजावे. खिडकी उघडी, दार उघडे आणि पंखा हवा बाहेर फेकणारा, एवढे पुरते. कुलर मात्र बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणून कुलर चालू असलेल्या खोलीची दुसरी खिडकी उघडी नसेल तर न्हाणीघरातला वायू घरातच फिरत राहतो. हातांसाठी नाइट्राइलचे किंवा निओप्रीनचे जाड, मनगटाच्या वर येणारे हातमोजे हवेत. दवाखान्यातले पातळ मोजे तीव्र द्रावणापुढे टिकत नाहीत, आणि मोज्याच्या आत द्रावण शिरले तर मोजा नसता तर बरे झाले असते अशी स्थिती होते. डोळ्यांना बाजूंनी बंद असलेला चष्मा हवा. नेहमीचा नंबरचा चष्मा ही सोय करीत नाही.

डोळ्यांवर मी मुद्दाम थोडे अधिक लिहितो. ॲसिडची भीती सर्वांना आहे, अल्कलीची नाही, आणि वस्तुस्थिती अशी की डोळ्याच्या बाबतीत अल्कली बहुधा अधिक नुकसान करते. ॲसिडने पेशींतली प्रथिने गोठतात आणि तो गोठलेला थरच पुढच्या ॲसिडला काही प्रमाणात अडवतो. अल्कली मात्र पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचा अक्षरशः साबण करीत आत उतरत जाते. अमोनिया त्यातही वेगाने उतरतो. डोळ्यात शिंतोडा गेला तर त्या क्षणी, दुसरे काहीही न करता, नळाखाली किंवा तांब्याने स्वच्छ पाण्याची धार धरावी, पापण्या बोटांनी उघड्या ठेवाव्यात, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर निघेल तशी काढावी आणि किमान पंधरा मिनिटे धार थांबवू नये. पंधरा मिनिटे हा फार मोठा वेळ वाटतो. दोन मिनिटांनी बरे वाटते आणि सगळे थांबतात, तेथेच घात होतो. त्यानंतर जळजळ थांबली असली तरी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. अमोनिया अल्कली आहे म्हणून लिंबू, ताक किंवा व्हिनेगर लावून तो ‘मारावा’ ही शाळेतल्या उदासिनीकरणाच्या धड्यातून आलेली कल्पना डोळ्यावर, त्वचेवर किंवा पोटात कोठेही वापरू नये. हा धडा मीही वर्षानुवर्षे शिकवला आहे, आणि तो परीक्षानळीपुरता आहे.

पोटात गेल्यास उलटी करवू नये, कारण घशाला भाजत गेलेले द्रावण परत येताना पुन्हा भाजते. तोंड पाण्याने खळखळून धुवावे आणि थेट रुग्णालय गाठावे. वायू छातीत गेला असेल तर माणसाला मोकळ्या हवेत बसवावे, कपड्यांवर द्रावण असेल तर ते काढावेत, आणि थोड्या वेळाने बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे, कारण फुप्फुसांत पाणी साचण्याचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, सुरू होऊ शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक बहुतेकांना ठाऊक असतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विषमाहिती केंद्र आहे आणि त्याचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र चालतो, हे मात्र फारच थोड्यांना माहीत असते. तेथील डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असणार की कोणते रसायन आणि किती टक्के. ‘काच पुसायचे पाणी’ एवढेच उत्तर ज्याच्यापाशी आहे त्याला ते तरी काय सांगणार?

पितळेबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण दिवाळीत त्याचीच घाई असते. काळवंडलेल्या समईवर अमोनियाचा बोळा फिरवला की कापूस गडद निळा होतो आणि समई उजळते. तो सुंदर निळा रंग समईतल्या तांब्याचा आहे, मळाचा नाही. अमोनिया धातूच खात असतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटिश फौजांना भारतात एक कोडे पडले होते: पावसाळ्यात साठवून ठेवलेल्या बंदुकीच्या काडतुसांची पितळी नळकांडी कोरडे दिवस येईपर्यंत आपोआप तडकत. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचे कारण उलगडले. काडतुसे घोड्यांच्या पागांत ठेवलेली असत, घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघे, आणि घडवताना धातूत राहिलेल्या ताणाच्या जागी तो पितळेला फोडी. ठोकून आणि ओढून घडवलेल्या आपल्या तांब्या-घंगाळांत आणि नळांच्या पितळी जोडांत असा ताण असतोच. त्यांना चिंच, लिंबू-मीठ किंवा पितांबरी पुरेशी आहे, आणि नंतर खळखळून धुवावे.

मूळ मुद्दा लेबलाचा. कारखान्यातून निघालेल्या लिकर अमोनियाच्या ड्रमवर रसायनाचे नाव, टक्केवारी, हातावर आणि धातूवर थेंब पडून ते खाल्ले जात असल्याचे क्षरणाचे चिन्ह आणि वाहतुकीसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा २६७२ हा क्रमांक असतो. १० ते ३५ टक्क्यांच्या द्रावणाला जगभर हाच क्रमांक आहे. म्हणजे ड्रम चालवणाऱ्या ट्रकचालकापर्यंत माहिती पोहोचते, अपघात झाल्यास अग्निशमन दलालाही ती मिळते, आणि ज्या क्षणी नरसाळ्यातून माल एक लिटरच्या बाटलीत उतरतो त्या क्षणी ती नाहीशी होते. ज्या हातांना तिची सर्वाधिक गरज आहे तेथेच.

शेतकऱ्याच्या बाबतीत आपण हे होऊ दिलेले नाही, निदान कागदावर तरी. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार औषधाच्या प्रत्येक डब्यावर विषारीपणाच्या प्रमाणात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापावा लागतो आणि माहिती हिंदी व इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषेतही द्यावी लागते. अक्षरओळख नसलेला शेतमजूरही लाल त्रिकोण ओळखतो. सफाईच्या रसायनांना अशी सर्वमान्य रंगीत खूण नाही. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार आवश्यक मजकूर देवनागरीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत असला की नियम पाळला गेला, मराठी ऐच्छिक. आणि सुट्या मालाला तर वेष्टनच नाही. ॲसिडहल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्देश दिल्यापासून ॲसिड विकताना खरेदीदाराचे ओळखपत्र पाहणे, नोंदवही ठेवणे आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीला न विकणे बंधनकारक आहे. अमोनियाची बाटली मागितल्यावर मी नोंदवहीविषयी विचारले तेव्हा दुकानदाराने उत्तर दिले, ‘सर, हे ॲसिड नाही.’ रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्याचे उत्तर बिनचूक होते.

माझी विनंती मर्यादित आहे. १० टक्क्यांहून तीव्र अमोनियाची सुटी किरकोळ विक्री बंद व्हावी आणि घरगुती वापरासाठी त्याहून सौम्य द्रावणच मूळ सीलबंद बाटलीत मिळावे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाने आणि राज्याच्या वैध मापन शास्त्र यंत्रणेने सफाईच्या रसायनांवर राज्यभाषेतील इशारा आणि कीटकनाशकांसारखी एखादी रंगीत खूण सक्तीची करण्याचा विचार करावा. हे होईपर्यंत जबाबदारी खरेदी करणाऱ्यांची आहे, सफाई कामगारांची नव्हे. कंत्राटदार ‘आमची माणसे अनुभवी आहेत’ असे सांगतो तेव्हा हातमोजे, चष्मा आणि रसायनांची यादी कंत्राटातच लिहून घेणे कोणत्याही संस्थेला शक्य आहे, आणि त्याला येणारा खर्च वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपाच्या भाड्यापेक्षा निश्चितच कमी आहे.

ज्या संस्थांच्या कपाटात आजही बिननावाच्या बाटल्या आहेत त्यांनी आत काय आहे हे हुंगून ठरवू नये, आणि सगळ्या बाटल्या एकाच मोरीत रिकाम्या करण्याचा उरक तर अजिबात दाखवू नये. खात्रीने अमोनिया आहे असे ठाऊक असलेली थोडी शिल्लक उघड्यावर, भरपूर थंड पाण्यात पातळ करून, ज्या दिवशी ब्लीच किंवा ॲसिड वापरलेले नाही अशा दिवशी सांडपाण्याच्या वाहिनीत सोडता येते. नाल्यात किंवा तलावात नव्हे, कारण माशांना अमोनिया अगदी अल्प प्रमाणातही मारक ठरतो. ज्या बाटलीविषयी खात्री नाही ती न उघडता, उभी, सावलीत वेगळी ठेवून विक्रेत्याला परत करावी.

आमच्या संस्थेने यंदा ॲसिड खरेदी बंद केली आहे, अमोनिया आणि ब्लीच यांची कपाटे दोन वेगळ्या मजल्यांवर हलवली आहेत, आणि बिलावर टक्केवारी लिहून मिळाल्याशिवाय अमोनियाचे पैसे द्यायचे नाहीत असा ठराव केला आहे. दुकानदाराने पहिल्यांदा कुरकूर केली, मग ड्रमवरचे लेबल वाचून बिलावर ‘२५ टक्के’ असे लिहिले. बाटली आम्ही परत केली आणि सौम्य द्रावणाची सीलबंद बाटली घेतली.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
नागपूर